पाण्याची वही : मॅकडॉवेल काउंटीतल्या नोंदी

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

आजपासून ही वही सुरू. आज कॅथलिक कपाळाला राख लावून घेतात; ईस्टरच्या आधीच्या उपासकाळाची ही सुरुवात. १५ फेब्रुवारीच्या पुराला अठरा दिवस झाले. टग फोर्क आणि एल्कहॉर्न क्रीक एकाच रात्रीत फुगल्या. वेल्चमध्ये दुकानांच्या भिंतींवर चिखलाची रेघ अजून तशीच आहे. चर्चच्या तळघरात फावडी, ब्लीच, ब्लँकेटं, लहान मुलांचे डायपर आणि छतापर्यंत रचलेलं बाटलीबंद पाणी.

मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आम्ही अकरा जण होतो. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या या दक्षिण टोकाला कॅथलिक असेच मूठभर. शंभर वर्षांपूर्वी इटलीहून, हंगेरीहून, पोलंडहून खाणीत कामाला आलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. तळघरात राबणाऱ्यांत मात्र बॅप्टिस्टच, म्हणजे त्या प्रोटेस्टंट पंथाचेच लोक, जास्त. कपाळावर राख कोणाच्या आहे आणि कोणाच्या नाही, हे तिथे कोणी बघत नव्हतं.

संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "बाटल्या किती दिवस वाटायच्या? घरातल्या नळाचं काय ते एकदा बघू या." मी पाणी तपासणीचं काम शिकलेली, म्हणून नजरा माझ्याकडे वळल्या. ठरलं ते असं. एकच घळ घ्यायची. दोन डोंगरांमधल्या अशा चिंचोळ्या घळीला इथे 'हॉलर' म्हणतात. तिच्यातली प्रत्येक बोअर आणि प्रत्येक झरा दोनदा तपासायचा आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. तक्त्यात रकाने : घर, पाणी कुठून येतं, खोली, रंग, वास, वाचन आणि शेवटी 'कारण'. हा शेवटचा रकाना सिस्टरांनी घालायला लावला.

८ मार्च

पहिलं घर एका आजींचं. ऐंशीच्या पुढच्या, कडव्या बॅप्टिस्ट. किटलीच्या आत विटकरी थर, संडासाच्या भांड्यात विटकरी रेघा, पांढरे कपडे तर त्यांनी कधीच वापरायचे सोडलेत. पिण्याचं पाणी रस्त्याकडेच्या एका पाइपातून भरून आणतात. तो पाइप जुन्या खाणीच्या तोंडातून आलेला. या काउंटीत अशा पाइपांपाशी कॅन घेऊन उभी असलेली माणसं रोज दिसतात.

'कारण' या रकान्याशी आले तेव्हा मी विचारलं. आजी म्हणाल्या, "देवाची मर्जी. दुसरं काय लिहिणार?"

मी तसंच लिहिलं. त्यांचा शब्द बदलण्याचा अधिकार मला नाही. पण परतताना तो शब्द घशात अडकल्यासारखा झाला होता.

१२ मार्च

आमच्यात एक निवृत्त खाणकामगार आले आहेत. नाकात ऑक्सिजनची नळी, खांद्याला सिलिंडर. फुप्फुसं कोळशाच्या आणि दगडाच्या धुळीने दगडासारखी झालेली. 'ब्लॅक लंग' हा इथला घराघरातला शब्द. मध्य अ‍ॅपलॅचियात, म्हणजे या डोंगराळ कोळसापट्ट्यात, पंचवीस वर्षं किंवा जास्त खाणीत काढलेल्या दर पाच जणांत एकाला तो आहे, असं सरकारच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये सांगितलं. आजोबांना चढ चढवत नाही. ते गाडीत बसून नकाशावर बोट ठेवतात आणि कुठल्या डोंगराच्या पोटात कुठून कुठे बोगदा गेलाय ते सांगतात. त्यांच्याइतका हा डोंगर आम्हांला दुसरं कोणी दाखवू शकणार नाही.

आज मी त्यांना आजींचं उत्तर सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग बफेलो क्रीकचं सांगायला लागले.

इथून जवळच्या लोगान काउंटीतली गोष्ट. २६ फेब्रुवारी १९७२, शनिवारची सकाळ. कोळसा धुतल्यावर उरणारा काळा गाळ अडवायला खाणीच्या कचऱ्याचेच बांध घातले होते. पाऊस पडत होता. आठच्या सुमारास वरचा बांध फुटला आणि सुमारे ५० कोटी लिटर काळं पाणी घळीतून खाली सुटलं. १२५ माणसं गेली. पाच हजारांच्या वस्तीत चार हजारांहून जास्त बेघर झाली. चारच दिवस आधी सरकारी तपासनिसाने त्या बांधाला 'समाधानकारक' म्हटलं होतं. आणि कंपनीने काय म्हटलं? ही देवाची करणी. राज्याने दहा कोटी डॉलरचा दावा लावला आणि १९७७ मध्ये तो दहा लाखांवर मिटवून टाकला.

आजोबा तेव्हा तरुण होते, प्रेतं शोधायला गेले होते. म्हणाले, "त्या दिवशी पाऊस देवाने पाडला. बांध कोणी बांधला होता, ते आम्हांला ठाऊक होतं."

सिस्टर चहा करत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हणून तो रकाना."

२२ मार्च

बारा घरं झाली. अमेरिकेचा पिण्याच्या पाण्याचा १९७४ चा कायदा सार्वजनिक नळयोजनांना लागू आहे, खाजगी बोअरला नाही. म्हणजे या घळीतलं पाणी तपासायला कायद्याने कोणीच बांधील नाही. ज्याची बोअर त्याने बघावं. ज्याच्याकडे महिनाअखेरीस गॅसला पैसे नसतात, तो प्रयोगशाळेला कुठून देणार?

१ एप्रिल

आज माझ्यामुळे एक दिवसाचं काम वाया गेलं. जिवाणूंच्या तपासणीच्या बाटल्या नमुना घेतल्यापासून तीस तासांत प्रयोगशाळेत पोचाव्या लागतात, तेही बर्फात. वाटेत दरड आलेली होती, पलीकडून फिरून जावं लागलं आणि मी निघालेच उशिरा. सहा घरांचे नमुने फेकून द्यावे लागले. सहाही घरी माफी मागायला गेले. एका बाईने नुसतं "पुन्हा भरू" म्हटलं आणि बाटली हातातून घेतली. दुसऱ्या घरी दार उघडलं नाही. त्यांचंही बरोबर आहे. या डोंगरात पाहणी करायला येणारे खूप आले, कागद भरून घेऊन गेले आणि परत फिरकले नाहीत.

पुढच्या वेळेपासून गाड्या दोन, आणि निघायची वेळ मी नाही, आजोबा ठरवणार.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीची चौदा टप्प्यांतली प्रार्थना, आम्ही चर्चमध्ये केली नाही, ओढ्याच्या कडेने केली. चौदा स्थानं चौदा जागी : पुराने वाहून नेलेल्या घराचा नुसता जोता, बंद शाळा, दवाखान्याची पाटी, खाणीचं बुजलेलं तोंड. डोंगरावर रेडबडला जांभळट फुलं आली आहेत आणि त्याखाली ओढ्याचा तळ पूर्ण नारिंगी. दहाव्या स्थानी, प्रभूची वस्त्रं काढून घेतात तिथे, आम्ही अशा जागी उभे होतो जिथून समोरचा माथा छाटलेला दिसतो. स्फोट करून शिखर उडवायचं, कोळसा काढायचा आणि उरलेला दगडमातीचा ढीग खालच्या घळीत लोटून द्यायचा. अशा कामांनी अ‍ॅपलॅचियातले जवळजवळ २,००० मैल ओहोळ गाडले गेले, असा पर्यावरण खात्याचाच हिशेब आहे.

प्रार्थना वाचायची माझी पाळी होती. मला वाचता आलं नाही. ऑक्सिजनवाल्या आजोबांनी गाडीची काच खाली करून ती वाचली.

२१ एप्रिल

सकाळी बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. काल ईस्टरला त्यांनी आशीर्वाद दिलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. दुपारी त्या बॅप्टिस्ट आजींनी नातवाबरोबर कॉर्नब्रेड आणि बीन्सचं पातेलं पाठवलं. दुखवट्याच्या घरी पाठवतात तसं.

३ मे

पहिला निकाल वाटून झाला. छापील कागद, मिलिग्रॅम दर लिटर, मर्यादा, मूल्य. लोक कागद घेत, घडी घालत, खिशात ठेवत. आजींनी तो परत माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पोरी, प्यायचं की नाही, एवढंच सांग."

रात्री बसून सगळे कागद पुन्हा केले. वर मोठ्या अक्षरांत तीन ओळी : प्यायला चालेल का, अंघोळीला चालेल का, काय करायचं. आकडे खाली. एक सूचना ठळक लिहिली, कारण पुरानंतर सगळ्यांना 'उकळून प्या' हेच ऐकवलं गेलं आहे. उकळून जिवाणू मरतात. लोह, मँगनीज, आर्सेनिक जात नाहीत; उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं.

२४ मे

पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक आज दहा वर्षांचं झालं. धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत, हे त्यातलं म्हणणं इथे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही मात्र त्याहून जुनं एक पत्र वाचायला घेतलं. अ‍ॅपलॅचियातल्या २५ कॅथलिक बिशपांनी १ फेब्रुवारी १९७५ ला सही केलेलं. यंदा त्याला पन्नास वर्षं झाली, पुराच्या बरोबर दोन आठवडे आधी. त्याचा विषय दारिद्र्य असा नाहीच, 'सत्ताहीनता' असा आहे : आपल्या जमिनीचं, पाण्याचं, आयुष्याचं काय होणार हे ठरवण्याचा अधिकारच हातात नसणं. लिहिण्याआधी लोकांचं ऐकलं, खाणकामगारांचं, विधवांचं, आणि मग ते कवितेसारख्या छोट्या छोट्या ओळींत लिहिलं. १९९५ मध्ये बिशपांचं दुसरं पत्र आलं. २०१५ मध्ये तिसरं आलं, ते बिशपांचं नव्हतंच. लोकांनी, लोकांच्या गोष्टींतून लिहिलेलं.

वाचून झाल्यावर एका तरुण आईने विचारलं, "एवढं पन्नास वर्षांपूर्वी माहीत होतं, तर मग माझं पाणी असं का?"

कोणीही घाईने उत्तर दिलं नाही. सिस्टरांनी चाळीस वर्षं या डोंगरात काढली आहेत. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "पत्र लिहिणाऱ्यांनी पत्र लिहिलं. कागदपत्रं शोधायचं काम आपलं राहिलं होतं." मला हे पूर्ण पटत नाही. ख्रिस्तसभेने पत्रांइतकीच माणसं आणि पैसा इथे ठेवायला हवा होता. धर्मभगिनी म्हाताऱ्या होत गेल्या आणि त्यांची मठघरं एकेक करून बंद झाली. हे मी सिस्टरांना बोलून दाखवलं. त्यांनी मान हलवली, वाद घातला नाही.

१७ जून

वेल्चचं न्यायालय. याच पायऱ्यांवर १ ऑगस्ट १९२१ रोजी मेटवानचे पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड यांना गोळ्या घालून मारलं. ते खाणकामगारांच्या बाजूने उभे राहिले होते, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं. महिना उलटायच्या आत सुमारे दहा हजार कामगार बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनवर चालून गेले. आजोबांचे आजोबा त्यात होते.

आम्ही गेलो होतो दस्त बघायला. घळीच्या वरची खाण कोणाची? दिवसभर जाडजूड वह्या उलटल्या. जमिनीचा पृष्ठभाग एकाचा, खालचा कोळसा दुसऱ्याचा. हे खरेदीखत गेल्या शतकाच्या आधीचं. कोळसा विकत घेणाऱ्याने तो त्याच्या वारसाला, वारसाने कंपनीला, कंपनीने दुसऱ्या कंपनीला. शेवटचा पत्ता निघाला तो दुसऱ्या राज्यातल्या टपालपेटीचा. १९८० च्या सुमारास सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांत नागरिकांनी असंच न्यायालयात बसून मालकांची नोंद काढली होती. जमीन आणि खनिजं बाहेरच्यांच्या ताब्यात, त्यावरचा कर मात्र नाममात्र, हे त्यांनी पानापानाने दाखवलं. शाळा, रस्ते, नळ यांना पैसा का नाही, त्याचं उत्तर त्या वह्यांत आहे. १९५० मध्ये या काउंटीत ९८,८८७ माणसं होती, २०२० मध्ये १९,१११. कोळसा रेल्वेने गेला, मागोमाग माणसंही गेली.

१२ जुलै

मुलांना घेऊन खाणीच्या तोंडापर्यंत गेले. ओढा नारिंगी का, हे त्यांना हवं होतं. कोळशाच्या थरात पायराइट असतं, लोखंड आणि गंधक यांचं. डोंगर अखंड असतो तोवर ते आत झोपलेलं. खाण खणली की हवा आणि पाणी आत शिरतं, गंधकाचं आम्ल होतं, लोह विरघळतं. ते पाणी बाहेर येताना काचेसारखं स्वच्छ दिसतं. खाली उघड्यावर हवा लागली आणि आम्ल पातळ झालं की लोह गंजासारखं तळाशी बसतं. जुने कामगार त्याला 'यलो बॉय' म्हणत. त्या थराखाली किडे मरतात, किडे नाहीत म्हणून मासे नाहीत.

तोंडापाशी पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ४.१ (सातच्या जितकं खाली, तितकं आम्ल जास्त). वरच्या बाजूला, खाणीच्या आधी, त्याच ओढ्यात ६.९. दोन्ही वाचनं एका मुलीने स्वतः घेतली आणि स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिली. ती वहीची सगळ्यात नीटनेटकी पानं आहेत.

एका मुलाने विचारलं, चुनखडी टाकली तर? त्याचं बरोबर आहे, उपाय तोच. पण उघड्या चरीत टाकलेल्या चुनखडीवर लोहाचा लेप बसतो आणि काही काळाने ती काम करेनाशी होते. म्हणून कधी ती हवा न लागता जमिनीखाली पुरतात, पुढे पाणथळ करतात. करता येतं. दरवर्षी कोणीतरी लक्ष द्यावं लागतं, एवढंच. आणि हे 'एवढंच' इथे कोणाच्या नावावर नाही.

४ सप्टेंबर

आमची सगळी मेहनत आता एका तारखेवर येऊन थांबली आहे. खाणींमुळे उघड्या पडलेल्या जमिनीबद्दलचा कायदा, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ३ ऑगस्ट १९७७ ला सही केलेला. खाण त्याआधीच सोडून दिलेली असेल, तर सध्याच्या कोळशावर टनामागे गोळा होणाऱ्या निधीतून दुरुस्ती करता येते. खाणीने पाणी नासलं असेल तर नळवाहिनीही टाकता येते. २०२१ मध्ये केंद्राने या कामासाठी आणखी ११.३ अब्ज डॉलर मंजूर केले. पैसा आहे. खाण १९७७ पूर्वीची होती, हे दाखवावं लागतं.

आज एका कचेरीत खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की नकाशावर बंद झाल्याची तारीख नाही, तेव्हा अर्ज अपूर्ण. मी वाद घातला. आवाज चढला. आजोबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही बाहेर आलो.

६ सप्टेंबर

आजोबा सकाळीच चर्चच्या दारात. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत त्यांच्या वडिलांची पगाराची चिठ्ठी, १९५८ ची. पगारातून कापलेली घरभाड्याची, दिव्याची, कंपनीच्या दुकानातल्या उधारीची रक्कम. हातात आलेली रक्कम जवळजवळ शून्य. खाली शिक्का : काम बंद. खाणीचं नाव आणि क्रमांक त्यावरच.

"आईने का ठेवली होती कोण जाणे," म्हणाले. "आम्ही तिला म्हणायचो, फेकून दे."

७ सप्टेंबर

चिठ्ठीच्या तीन प्रती काढल्या. मूळ चिठ्ठी डब्यात, डबा आजोबांकडे.

१४ ऑक्टोबर

राज्याचा निरीक्षक आला. शांत, नीट काम करणारा माणूस. आमच्या वहीतली वाचनं त्याने मानली नाहीत, स्वतःचे नमुने घेतले, आणि तेच योग्य आहे. घळ चढून खाणीच्या तोंडापर्यंत गेला. त्या मुलीने तिची जागा त्याला दाखवली. त्याचा मीटर ४.० वर थांबला. त्याने तो तिच्याकडे वळवला आणि तिला वाचू दिलं.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

मिस्सेत नावं वाचली. पुरात गेलेल्यांची, खाणीत गेलेल्यांची, फुप्फुसांनी गेलेल्यांची. यादी लांबली. आजोबा आले नव्हते. दवाखान्यात आहेत, श्वास खूप वाढला आहे. सिस्टर मिस्सेनंतर तिकडे गेल्या.

मी आजींकडे गेले, दुसऱ्या फेरीचा निकाल द्यायला. लोह पहिल्या फेरीइतकंच. त्यांनी तक्ता मागितला आणि चष्मा लावून शेवटच्या रकान्यापर्यंत बोट नेलं. मार्चमधलं माझं अक्षर. बराच वेळ बघत होत्या.

"हे मी सांगितलं होतं?"

"हो."

"खोड."

मी म्हटलं, खोडत नाही, खाली नवीन ओळ लिहू. मार्चमध्ये तुम्ही काय म्हणालात तेही राहू दे. त्यांना ते पटलं नाही. पेन घेऊन त्यांनी स्वतःच रेघ मारली. मग विचारलं, खाण कुठल्या साली बंद झाली? तोंड बुजवलं होतं का? मी सांगितलं : १९५८, आणि वरवर मातीने. त्यांनी दोन्ही लिहिलं. हात कापत होता, वेळ लागला. मग म्हणाल्या, "देवावर ढकलायला नको होतं मी."

२१ नोव्हेंबर

निरीक्षकाचं पत्र आलं. खाण १९७७ पूर्वीची म्हणून मान्य. नळवाहिनीचा प्रस्ताव यादीत. यादी लांब आहे, वर्षं लागतील. तोवर अकरा घरांना गाळण्या हव्यात आणि आजींच्या दारी दर शुक्रवारी पाणी. बर्फ पडला की गाडी वरपर्यंत जात नाही, तेव्हा शेवटचा टप्पा डोक्यावरून.

आजोबा घरी आले. नकाशा मागवला आहे. शेजारच्या घळीत त्यांच्या माहितीच्या तीन खाणी आहेत, एकीचं तोंड अजून उघडं. नवीन वही सोमवारी.